बन्सी फिटरची बोराएवढी मोटर

नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत ‘बन्सी भापकर कुठं भेटतील?’ असं विचारलंत तर माणसं डोकं खाजवतील. ‘बन्सीमामा’ म्हणून बघा. टपरीवाला चहा गाळता गाळता हनुवटीनं दाखवील, ‘ते काय, निळ्या गेटाच्या आत. पण आत्ता जाऊ नका. हातात जॉब असला तर देवाला पण उभं करतील.’

आणि खरंच उभं करायचे. वय एकसष्ट, अंगानं काटक, बोलणं फटकळ. त्यांची कानस दुसऱ्यानं उचलली की दिवसभर तोंड फुगलेलं. ‘माझ्या हातचा जॉब आजवर माघारी आल्याला न्हाई,’ हे दिवसातून एकदा कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. बरं, बोलून दाखवतो तर दाखवतो, पण ते खरंही होतं. चाळीस वर्षांत एकही जॉब, म्हणजे त्यांनी घडवून दिलेली वस्तू, परत आला नव्हता. त्यामुळे ऐकून घेण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं.

अठ्ठावन्नाला रिटायर झाले तेव्हा मामा आठ दिवस घरी बसले. त्या आठ दिवसांत त्यांनी घरचा मिक्सर, घरचा पंखा आणि शेजारच्या बायडाबाईंचा कुकर खोलून ठेवला. नवव्या दिवशी त्यांच्या मंडळींनी, विमलबाईंनी, डबा भरून हातात दिला. ‘जावा हो तुमी कामाला. मालक घेत नसतील तर मी येऊन बोलते त्यांच्यासंगं.’ मालक कल्याणराव यांनी घेतलं, पण एकेका वर्षाच्या बोलीवर. दर मार्चअखेर एक कागद यायचा, मामा त्यावर सही ठोकायचे, आणि पुढच्या मार्चपर्यंत त्यांचा जीव भांड्यात पडायचा. विमलबाईंचाही.

आता त्यांच्या खिशातल्या कुपीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिनंच घडवलं. बोटाएवढी कुपी, तिला इंजेक्शनची सुई बसवलेली, आत शिलाई मशीनचं तेल. कुठलाही जॉब पुरा झाला, तपासणी झाली, की हातातून सोडण्याआधी कुणाचं लक्ष नसताना मामा त्याच्या फिरत्या आसाच्या मुळाशी एक थेंब सोडायचे. ही सवय पुणतांब्याकडची. विशी-बाविशीत ते एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात रंभाजी मिस्त्रींच्या हाताखाली होते. एकदा बन्सीनं दुरुस्त केलेला पाण्याचा पंप घाईत कोरडाच गेला. गोदाकाठच्या एका मळ्यात तो दुसऱ्या दिवशी जाम झाला आणि जळाला. रंभाजी मिस्त्री ओरडले नाहीत. बन्सीला बरोबर घेऊन ते चालत मळ्यात गेले आणि त्याच्यासमोर, स्वतः हात जोडून, त्या शेतकऱ्याची माफी मागितली. बन्सीला तोंड उघडू दिलं नाही. परतताना एवढंच म्हणाले, ‘लेकरू दाराबाहेर काढताना आई तीट लावती का न्हाई? तसा यंत्राला एक थेंब लावायचा. मंगच हातातनं सोडायचं.’ त्या दिवशीपासून बन्सीनं एकही यंत्र कोरडं सोडलं नाही.

असे हे मामा. आणि त्यांच्या डोक्यावर, म्हणजे अगदी खरोखरीच डोक्यावर, शेडच्या वरच्या मजल्यावर, दोन वर्षांपूर्वी कल्याणरावांनी एक खोली बांधली, तिला एसी लावला आणि एक पोरगी आणून बसवली. स्नेहल तिचं नाव. पाथर्डीची. वडील पाथर्डी-नगर जीप चालवायचे, आणि त्याच जीपच्या पुढच्या सीटवर पुस्तक उघडून ही शिकली, एम.टेक. झाली. खोलीत एक भलामोठा कॉम्प्युटर, आणि काम काय म्हणे, तर मोटर तयार करायची.

‘मोटर? वर?’ मामा खाली सगळ्यांना विचारत सुटले. ‘आन् लेथ कुठंय तिथं? तोंडानं कापनार का लोखंड?’

स्नेहलनं त्यांना पहिल्याच आठवड्यात वर बोलावलं आणि समोर बसवून समजावलं. दवाखान्यात एमआरआयची खोली असते, तिथलं चुंबक इतकं जबर की साधी मोटर आत नेताच येत नाही. मग पेशंटला औषध सोडणारा पंप तिथं चालवायचा कशानं? तर अशा मोटरनं, जिच्यात चुंबकही नाही आणि तारेची गुंडाळीही नाही. पितळेची एक चकती, बोराएवढी, तिच्या कडेला बारीक दात. चकतीखाली सिरॅमिकची पातळ टिकली चिकटवलेली. टिकलीला वीज दिली की ती सेकंदाला चाळीस हजार वेळा आखडते आणि पसरते. कानाला ऐकूसुद्धा येत नाही इतक्या झपाट्यानं. त्या थरथरीनं चकतीच्या कडेनं एक लाट गोल गोल पळत राहते, आणि दातांवर स्प्रिंगनं दाबून बसवलेलं छोटं चाक त्या लाटेनं ढकललं जाऊन फिरतं.

‘म्हंजी नुसत्या घासन्यावर?’

‘नुसत्या घासण्यावर, मामा. म्हणून दातांना तेल, ग्रीस, बोटाचा घाम, काही म्हणजे काही लागता कामा नये.’

‘न्हाई लागनार,’ मामा म्हणाले. आणि हे त्यांनी अक्षरशः पाळलं. दातांना त्यांनी कधीही तेल लावलं नाही. एवढं त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो.

मग तिनं ती चकती स्क्रीनवर दाखवली. लाल-निळी रंगीत चकती, आणि तिची कड अशी वरखाली लाटा खात होती की मामा खुर्चीतून उठलेच. ‘बंद करा मॅडम! तुटंल ती!’

स्नेहल इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. ‘अहो मामा, हे दहा हजार पट मोठं करून दाखवलंय. खरी हालचाल केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढी असेल नसेल.’

मामा परत बसले, पण डोळे स्क्रीनवरून हटेनात. ज्या धातूला जन्मभर कापलं, ठोकलं, घासलं, तो आतून असा हलतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ बघून ते म्हणाले, ‘चाक लाटंच्या उलटं फिरतंय की.’

‘उलटंच फिरतं,’ स्नेहल म्हणाली. ‘मला कॉलेजात हे समजायला महिना लागला होता. तुम्ही पाच मिनिटांत पकडलंत.’

झालं. त्या एका वाक्यानं म्हातारा विरघळला. तरी भांडण संपलं नाही. दात किती हवेत, किती खोल, चकती किती जाड, हे ती कॉम्प्युटरात एकेक बदलून बघत बसायची. खाली एक चकती नीट कापून घासायला मामांना चार दिवस लागायचे. वर ही बाई दिवसाला पन्नास चकत्या करायची आणि भुग्याचा एक कण पाडायची नाही. ‘न कापता कसं कळतंय?’ हा मामांचा सवाल. कॉम्प्युटर म्हणाला चोवीस दात. मामांचं म्हणणं बावीस. मामांनी हट्टानं बावीसची कापली, ती कुरकुरत अडखळत फिरली. चोवीसची कापली, ती गपगुमान फिरली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘तुझं खूळ खरं निघालं, पोरी.’ त्या दिवसापासून मॅडमची पोरी झाली, आणि दुपारचा डबा वरच्या खोलीत उघडायला लागला. एसीसाठी नव्हे हो, असं मामा प्रत्येकाला न विचारता सांगायचे.

चोवीस दातांच्या पहिल्या दोन मोटरी स्नेहलनं स्वतः घासून जोडल्या. दिसायला ओबडधोबड, पण तासन् तास फिरल्या आणि कॉम्प्युटरनं सांगितलेल्या जोरानं फिरल्या. कल्याणराव खूश. ‘आता पुण्याच्या कंपनीला दाखवायचे नमुने मामांच्या हातचे होऊ द्या,’ ते म्हणाले. ‘फिनिशिंग बघूनच माणसं गार पडली पाहिजेत.’

मामांनी पाच मोटरी जोडल्या. काय घासले होते दात! भिंगाखाली धरले तर चमकच डोळ्यात जावी. तपासणी झाली. आणि मग, सवयीनं, प्रत्येकीच्या आसाच्या बुशाला एक थेंब. बुश म्हणजे आस ज्या बारीक नळीत फिरतो ती नळी. दातांपासून ती दोन मिलिमीटर लांब. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं की बुश खास प्लास्टिकचा आहे, त्याला तेल लावू नये. मामांनी ड्रॉइंगवरचे आकडे वाचले होते, कोपरा वाचला नव्हता आणि कुणाकडून वाचून घेतलाही नव्हता. आणि आपण थेंब लावला हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही. लपवायचं म्हणून नव्हे. मी आज सकाळी श्वास घेतला असं आपण कुणाला सांगतो का?

मोटरी सुरू केल्या. पाच मिनिटं झकास. मग चाक मंदावलं, घसरायला लागलं आणि थांबलं. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पाचही.

तीन महिने हा घोर चालला. स्नेहलनं चिकटवण्याचा गोंद तपासला, वीज तपासली, मोटर तापते का ते पाहिलं. खोलून भिंगाखाली धरल्या, काही दिसलं नाही. कॉम्प्युटरचं गणित पहिल्यापासून तीनदा मांडलं. पोरीच्या डोळ्याखाली काळं आलं. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, ‘मामा, एकच फरक सापडतोय. मी जोडलेल्या खरखरीत होत्या, तुमच्या गुळगुळीत आहेत. तुमचा हात इतका साफ आहे की मोटर घसरते!’

मामांना कोण आनंद झाला म्हणता! टपरीवर सांगितलं, गेटवर सांगितलं, घरी जाऊन चप्पल काढायच्या आधी विमलबाईंना सांगितलं.

विमलबाई मेथी निवडत होत्या. ‘म्हंजी काम चांगलं केलं म्हनून बिघडलं? असं कुठं असतंय व्हय?’

‘तुला काय कळतंय त्यातलं!’ मामा उखडले. विमलबाईंना चांगलं कळत होतं, पण ते मामांच्या ध्यानात यायला अजून अवकाश होता.

स्नेहलनं मग कॉम्प्युटरात घर्षणाचा आकडा कमी केला, गणित मामांच्या मोटरींशी जुळवून घेतलं, आणि त्यावरून ठरवलं की दुप्पट ताकदीची स्प्रिंग बसवायची. चाक जास्त दाबलं गेलं म्हणजे घसरणार नाही. नव्या स्प्रिंगा मागवल्या, त्या आल्याही. त्याच शनिवारी सकाळी कल्याणराव वर आले. माणूस वाईट नव्हता, पण दोन वर्षं वाट पाहून थकला होता.

‘बुधवारी पुण्याची माणसं येतायत,’ ते म्हणाले. ‘स्नेहल, आजवर मी तुला एका शब्दानं बोललो नाही. बुधवारी चालली तर चालली. नाही चालली तर ही खोली बंद. तयार मोटर बाहेरून मागवू, आपण नुसती पंपाची जोडणी करू.’

खोली बंद म्हणजे स्नेहलची नोकरी बंद, हे कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. मामांचा चेहरा तिच्याहून जास्त उतरला.

दुपारी दोघं डबा उघडून बसले. स्नेहल भाकरीशी नुसती खेळत होती. ‘मामा, मी एक लबाडी केलीय,’ ती म्हणाली. ‘गणित जुळेना म्हणून घर्षणाचा आकडा खाली खाली नेला. नेता नेता जुळलं. तेव्हा बरं वाटलं. पण आज सकाळी येताना विचार केला, हा आकडा आला कुठून? माणसानं कितीही घासलं तरी कोरडा धातू एवढा घसरत नाही. परवा तुम्हाला मुद्दाम खरखरीत ठेवायला सांगितलेली मोटर, तीही तश्शीच घसरली. मी पुस्तकं काढून बघितली. हा आकडा तेल लागलेल्या धातूचा आहे.’ तिनं भाकरीचा तुकडा मोडला. ‘कॉम्प्युटर बिचारा ओरडून सांगतोय की तिथं तेल आहे. आणि आपण तर तेल लावतच नाही.’

मामांचा घास तोंडातच राहिला.

थेंब बुशाला लावला होता, खरं आहे. पण सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरणाऱ्या यंत्रात तेल काय मांडी घालून बसणार आहे? आसावरून सरकत सरकत दोन मिलिमीटर जायला त्याला किती वेळ लागेल? पाच मिनिटं. पाच मोटरी, पाच थेंब, तीन महिने आणि त्या पोरीच्या डोळ्याखालचं काळं, सगळं एका रांगेत समोर उभं राहिलं.

सांगायला हवं होतं. मामांनी तोंड उघडलंही. बाहेर पडलं ते एवढंच, ‘भाजीत मीठ जरा जास्त पडलंय आज.’

रविवारी सुट्टी. मामा सकाळपासून ओट्यावर बसून होते. डोक्यात एकच घोळत होतं, की गुपचूप एक मोटर कोरडी जोडून द्यावी, चालेल, आणि कुणाला कळायचंही नाही. पण छे! नवी स्प्रिंग दुप्पट ताकदीची. ती तेलकट दातांचा हिशेब धरून मागवलेली. कोरड्या दातांवर ती लावली तर चाक जागचं हलणार नाही. जुनी स्प्रिंग लावा म्हणावं तर पोरगी विचारणार, का? म्हणजे सांगितल्यावाचून सुटका नाही, आणि सांगायचं तर चाळीस वर्षांचं नाव मातीत. शिवाय मार्च तोंडावर आलेला. कागद.

जेवायला बसले आणि दोन घासांत ताट सारलं. विमलबाईंनी ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ‘काय झालंय?’

मामांनी सांगितलं. सगळं.

‘मंग सांगा की त्या पोरीला,’ विमलबाई म्हणाल्या.

‘अगं, चाळीस वर्सं! माझ्या हातचा जॉब कधी माघारी आल्याला न्हाई.’

‘आत्ता बी येनार न्हाई. ते खोली बंद करतील, ती पोरगी पाथर्डीला जाईल, मोटर कुठं जायचीच न्हाई. मंग माघारी येतीय कशाला?’ विमलबाईंनी ताट उचललं. ‘तुमचं नाव लख्ख ऱ्हाईल बघा.’

मामांना हे फार लागलं. मग हळूच म्हणाले, ‘आन् मार्चचा कागद?’

विमलबाई मोरीपाशी थांबल्या. त्यांनाही त्या कागदाची काळजी होतीच की. पण म्हणाल्या, ‘न्हाई आला तर न्हाई आला. मिक्सर हायच खोलायला.’

सोमवारी सकाळी मामा डबा खालीच ठेवून वर गेले. कल्याणराव आणि स्नेहल नव्या स्प्रिंगा टेबलावर मांडून बोलत होते. मामांनी खिशातली कुपी काढली आणि कीबोर्डशेजारी ठेवली.

‘हे तेल,’ ते म्हणाले. ‘मी लावलं. बुशाला.’

स्नेहलनं कुपी उचलून पाहिली.

‘दातांना न्हाई लावलं, आईशप्पत. पर बुशाचं दातावर गेलं. तू शनवारी म्हनलीस तवा मला कळलं. तवाच सांगायला पायजे हुतं, माझं धाडस न्हाई झालं.’ ते कल्याणरावांकडे वळले. ‘लेकरू बाहेर काढताना तीट लावत्यात ना, तसं मी लावत आलोय. आजवर कुनाचं वाईट झालं न्हाई. साहेब, हिच्या गनितात खोट न्हाई. खोट माझ्या हातात हाय.’

‘पाचही मोटरींना?’ स्नेहलनं विचारलं.

‘पाचीला. त्या खरखरीत मोटरीला बी.’

तिचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. ‘तीन महिने, मामा! तीन महिने मी आईला फोनवर सांगत होते की मला काही येत नाही गं, उगाच शिकले. आणि तुम्ही रोज इथं समोर बसून जेवत होतात!’

मामांनी कशावर बोट ठेवून आपली बाजू मांडायची? कोपऱ्यात लिहिलेलं त्यांनी वाचलं नव्हतं, एवढंच खरं होतं. रंभाजी मिस्त्रींनी दुसऱ्याच्या चुकीसाठी हात जोडले होते. इथं तर चूक स्वतःची होती. मामांनी त्या पाथर्डीच्या पोरीपुढं दोन्ही हात जोडले.

तिनं तोंड फिरवलं.

कल्याणराव घसा खाकरून म्हणाले, ‘मामा, ड्रॉइंग वाचायचं असतं हो. आता बुधवारचं काम करा. मार्चनंतरचं… ते बघू.’

‘बघू’ म्हणजे काय, हे चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला विचारा.

पुढचे दोन दिवस स्नेहल मामांशी फक्त वस्तूंच्या नावांनी बोलली. ‘स्प्रिंग, जुनी.’ ‘चिमटा.’ ‘हातमोजे.’ तिनं कॉम्प्युटरात घर्षणाचा जुना आकडा परत घातला, मामांनी नवे दात घासले, हातमोजे घालून, तिच्या डोळ्यांसमोर. कुपी तिनं आपल्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं होतं. मामांना ते कुलूप फार लागलं. पण लागून घेण्याचा हक्क आपण घालवलाय, हेही त्यांना कळत होतं.

बुधवारी पुण्याची तीन माणसं आली. मोटर टेबलावर ठेवली, बटण दाबलं. मामा दाराशी उभे होते, आत बोलावलं नव्हतं. पाच मिनिटं झाली. मामांनी दाराची चौकट धरली. सहावं मिनिट गेलं. दहा झाली. स्क्रीनवर एक निळी रेघ होती, ती कॉम्प्युटरनं आधीच काढून ठेवलेली. आणि खऱ्या मोटरचे लाल ठिपके एकामागून एक येऊन त्या रेघेवर बसत होते. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे वाचता आलं. पोरगी पहिल्यापासून बरोबर होती. तासाभरानं पुण्याच्या माणसांनी कल्याणरावांशी हात मिळवला, आणि खाली शेडमध्ये पेढे वाटले गेले. मामांनी पेढा रुमालात गुंडाळून विमलबाईंसाठी नेला.

मार्च संपत आला. कागद काही आला नाही. मामांनी विचारलं नाही, कल्याणरावांनी सांगितलं नाही. एकतीस तारखेला दुपारी खालच्या पोरांनी हार आणला, नारळ आणला, खुर्च्या मांडल्या. मामा म्हणाले, ‘थांबा जरा, वरचे हातमोजे देऊन येतो.’

वरच्या खोलीत पुण्याला जायच्या पहिल्या बारा मोटरी खोक्यात मांडलेल्या होत्या. झाकणं अजून लावायची होती. स्नेहल म्हणाली, ‘बसा, मामा.’ महिन्याभरानं तिनं ‘बसा’ म्हटलं होतं.

तिनं ड्रॉवरचं कुलूप काढलं आणि कुपी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मामा दचकून मागे सरले. ‘नगं नगं! आता नगं बाई!’

‘तेल नाहीये. धुऊन काढली. शाई आहे, काळी.’ तिनं एक मोटर उलटी करून भिंगाखाली धरली. ‘इथं, चकतीच्या खालच्या अंगाला. सुईच्या टोकानं. अगदी बारीक.’

मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कुपीकडे. ‘आन् तुझा कॉम्प्युटर?’

‘विचारलंय त्याला. शाईचं वजन घालून गणित चालवून पाहिलं. सेकंदाच्या चाळीस हजारांत दोनाचा फरक पडतो.’ ती हसली. ‘चालतंय म्हणाला.’

मामांनी हातमोजे चढवले आणि तीट लावली. मोहरीच्या शंभराव्या हिश्शाएवढी. मग स्नेहलनं ड्रॉइंग त्यांच्यापुढं सरकवलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. या वेळी मामांनी कोपरा वाचला. सगळ्या इंग्रजीच्या खाली एक ओळ मराठीत होती, त्यांना वाचता यावी म्हणून मोठ्या अक्षरात: ‘काळी तीट, एक. जागा दाखवल्याप्रमाणे. प्रत्येक मोटरला.’

‘हे कशाला लिवलं गं?’

‘मग काय करू?’ स्नेहल म्हणाली. ‘ड्रॉइंगवर नसलं की माणसं आपल्या मनानं काहीबाही लावतात.’

मामा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि दुसरी मोटर पुढ्यात ओढली. अजून अकरा बाकी होत्या. खाली हार-नारळ घेऊन माणसं उभी होती, ती तशीच उभी राहिली.